मिसिसिपीचा कापूस आणि सुप्याच्या वह्या

१८३० साली जगाच्या दोन टोकांना सरकारी कागदांनी शेतकऱ्यांना जमिनीवरून उठवलं. अमेरिकेत मे महिन्यात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक, चिकासॉ, सेमिनोल या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे, पश्चिमेला हलवण्याची वाट त्या कायद्याने सरकारला मोकळी करून दिली. त्याच वर्षी भीमा आणि नीरा यांच्या मधल्या इंदापुरात कंपनी सरकारचा नवा शेतसारा लागू झाला. तो रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने ठरवला होता. इंग्लंडमधून तो खंडाचा नवा अर्थशास्त्रीय सिद्धांत शिकून आला होता. खर्च वजा जाता शेतात जे निव्वळ उरतं त्याचे शंभरातले पंचावन्न वाटे सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर हिशेब चोख होता. पण मोजणी चुकीची झाली, जमिनीची प्रत लावताना लाच चालली, आणि पावसाचा भरवसा नसलेल्या त्या मुलखात ‘निव्वळ उरतं’ असं काही दर वर्षी उरतच नव्हतं. सारा थकला, वसुलीसाठी छळ झाला आणि कुणबी बैलबारदाना घेऊन निजामाच्या हद्दीत निघून गेले. गावंच्या गावं ओस पडली.

ही दोन विस्थापनं एकमेकांमुळे झाली नव्हती. पण पुढच्या पंचेचाळीस वर्षांत या दोन्ही मातींचं नशीब एका दोऱ्याने बांधलं गेलं, आणि तो दोरा कापसाचा होता. आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या वह्या जळाल्या. त्या आगीची पहिली ठिणगी अलाबामा आणि मिसिसिपीच्या काळ्या मातीत शोधावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

आधी अमेरिकेकडे जाऊ. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचं यंत्र काढलं आणि कापूस तिथलं सर्वांत किफायतीचं पीक झालं. कापूस जमीन लवकर थकवतो, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी जमीन हवी असे. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला गेला होता. १८३० नंतर मूळ रहिवाशांना हुसकावून जॉर्जिया, अलाबामा आणि मिसिसिपीतली जमीन मोकळी करण्यात आली. चेरोकींना १८३८ मध्ये बंदुकीच्या धाकावर चालवत नेलं, तेव्हा वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं मेली. त्या जमिनीवर आफ्रिकी वंशाच्या गुलामांकडून कापूस पिकवून घेण्यात आला. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास भरली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस तिथून येत असे.

१८३६ हेही दोन्हीकडे जमिनीचं वर्ष ठरलं. मेक्सिकोने बंद केलेली गुलामगिरी सोडायला टेक्सासातले अमेरिकी वसाहतवाले तयार नव्हते. इतर तंट्यांबरोबर त्याही तंट्यापायी त्यांनी मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र राज्य जाहीर केलं. १८४५ मध्ये ते अमेरिकेने सामील करून घेतलं आणि त्यातून पेटलेल्या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख बळकावला. इकडे १८३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनियर यांनी इंदापुरात प्रिंगलची घडी मोडून नवी बसवली. सारा कमी केला आणि तो तीस वर्षं वाढणार नाही अशी हमी दिली. पळालेले लोक परत आले, पडीक रानं उठली. मुंबई इलाख्याची सगळी रयतवारी पाहणी पुढे याच इंदापूरच्या नमुन्यावर उभी राहिली. म्हणजे ज्या पद्धतीने महाराष्ट्राच्या शेतीला पुढचं शतकभर मोजलं, ती या कोरडवाहू तालुक्यात तयार झाली.

तीस वर्षं म्हणजे १८६६ पर्यंत. ही मुदत लक्षात ठेवायला हवी, कारण ती संपली ती नेमकी चुकीच्या वेळी.

अमेरिकेत पश्चिमेकडचा नवा मुलूख हाती येऊ लागला तसा प्रश्न उभा राहिला: तिथे गुलाम ठेवायचे की नाही? दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना पश्चिम हवी होती, उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना आणि कारखानदारांना ती गुलामांविना हवी होती. कान्सासमध्ये १८५४ नंतर याच प्रश्नावर खून पडले. लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले, दक्षिणेची राज्यं फुटली आणि एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या. युद्ध गुलामगिरीवरून झालं हे खरंच. पण गुलामगिरीवरचं भांडण इतकं पेटलं ते पश्चिमेच्या जमिनीवर कुणाची शेती उभी राहणार यावरून.

लिंकननी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. १८६१ मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला वीस लाखांहून जास्त गासड्या गेल्या होत्या. पुढच्या वर्षी जेमतेम पंचावन्न हजार पोचल्या. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार खैरातीवर आले. अमेरिकेवर इतकं अवलंबून राहू नये म्हणून इंग्रज गिरणीवाले याआधीच हिंदुस्थानकडे पाहत होते. कंपनीने १८४० मध्ये अमेरिकी मळेवाले आणून इथे त्यांच्या जातीचा कापूस लावून पाहिला होता, धारवाडकडे तो काहीसा रुजलाही होता. आता तर दुसरा मार्गच नव्हता. मुंबईत कापसाचे भाव चढत गेले, चौपटीच्याही पुढे गेले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर बँका पैसे देऊ लागल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला.

हा पैसा भीमथडीत कसा पोचला? त्या काळी बारामती, सुपे, दौंड हा सगळा टापू भीमथडी तालुक्यात मोडत असे. इथे थोडं जपून बोलायला हवं. कापसाचे खरे मुलूख खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाड. कऱ्हेच्या आणि भीमेच्या काठी मुख्य पीक ज्वारी-बाजरीचं. म्हणून काही इतिहासकार म्हणतात की सुप्याच्या दंग्याचा आणि अमेरिकेच्या युद्धाचा संबंध उगीच ताणला जातो. मला ते पटत नाही. कारण पैसा काही एकट्या कापसाच्या बोंडातून येत नाही. इलाख्यातलं कापसाखालचं क्षेत्र १८६० ते १८६४ या काळात दुप्पट झालं. रानं कापसाकडे वळली तशी धान्याची टंचाई झाली आणि ज्वारीचा भाव चढला. युद्धाच्या वर्षांत रुपयाला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी ज्वारी मिळू लागली. त्यात रेल्वे. पुण्याहून दौंड, डिकसळ करत १८६० मध्ये ती सोलापूरला पोचली. बोरघाटाच्या आणि पुढच्या कामावर इथल्या लोकांना रोख मजुरी मिळाली, गाडीवानांना भाडी मिळाली. ज्या घरात वर्षाकाठी चार रुपये नाणं दिसत नव्हतं तिथे रोकड खुळखुळू लागली.

आणि सावकाराचा हात सैल झाला. मुंबईचा निर्यातदार मोठ्या पेढीला आगाऊ रक्कम देई, पेढी पुण्याच्या सावकाराला, पुण्याचा सावकार गावच्या वाण्याला आणि वाणी कुणब्याला. दख्खनमध्ये कापूस लावणाऱ्याला एकरी शंभर रुपये उचल मिळत होती. त्या काळात एवढी रक्कम म्हणजे कुणब्याच्या दृष्टीने घबाड. ज्यांना पूर्वी पंचवीस रुपयांसाठी दहा खेपा माराव्या लागत त्यांना आता सावकार स्वतःहून विचारू लागला. लोकांनी बैल घेतले, विहिरी खोदल्या, लग्नं केली. त्यांना उधळे म्हणणारे इंग्रज अधिकारी पुढे पुष्कळ निघाले. मला त्यात उधळपट्टी दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आखडलेल्या हातांना पहिल्यांदा थोडी सवड मिळाली होती, आणि विहीर खोदणारा माणूस उद्याचाच विचार करत असतो.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचली आणि भाव गडगडले. १ जुलैला सौदे चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी शहरातली निम्मी श्रीमंती कागदाचीच होती हे उघडं पडलं. कंपन्या बुडाल्या, बॉम्बे बँक पुढे मोडली. मुंबईने हात आखडला, पुण्यानेही आखडला, आणि शेवटी सुप्याच्या दुकानात बसलेल्या वाण्याने जुनी बाकी मागायला सुरुवात केली. तोही साखळीतली एक कडीच होता, वरून त्याच्याकडेही तगादा होता. पण साखळीच्या शेवटी कुणबी होता आणि त्याला मागण्यासारखं पुढे कुणी नव्हतं.

आता ती तीस वर्षांची मुदत. इंदापूरची हमी नेमकी इथे संपली. १८६७ मध्ये नवी आकारणी झाली. अधिकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचे ज्वारीचे भाव पाहिले, रेल्वे पाहिली, वाढलेल्या गाड्या आणि विहिरी पाहिल्या आणि तालुका सुखवस्तू झाला असा निष्कर्ष काढला. सारा दीडपटीच्या वर गेला. पाठोपाठ भीमथडीतही वाढ झाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठा अन्याय इथे दिसतो. जे भाव एका दूरच्या युद्धाने चार वर्षांपुरते फुगवले होते, ते कायमचे धरून पुढच्या तीस वर्षांचा सारा ठरवला गेला. शाई वाळेपर्यंत भाव उतरले होते. सावकाराने निदान पैसे दिले तरी होते. सरकारने काही न देता युद्धातल्या नफ्यावर कायमचा हक्क सांगितला, आणि तो नफा तोपर्यंत कुणब्याच्या घरातून निघूनही गेला होता.

सारा रोख भरायचा, तोही हप्त्याच्या तारखेला. त्यासाठी पुन्हा सावकाराचंच दार. पेशवाईतही सावकार होता. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे तर पहिल्या बाजीरावाला कर्ज देणारे बडे सावकार, कवी मोरोपंतांचे आश्रयदाते. पण जुन्या रिवाजात व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असा दामदुपटीचा नियम होता आणि तंटा गावच्या पंचांपुढे येई. इंग्रजी अमलात १८५५ मध्ये व्याजावरचे कायदेशीर निर्बंध उठले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू कुणब्याचं रक्षण, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी जुनी बाकी आणि व्याज मिळून नवं मुद्दल व्हायचं, नवा रोखा लिहिला जायचा, त्यावर नवं व्याज सुरू. दामदुपट कागदावर पाळली जायची आणि कर्ज मात्र वाढत राहायचं. पावती मिळत नसे. रोख्यात काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे. दावा लागला की कुणबी कोर्टात जात नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि बेलीफ जप्तीला येई. विकल्या गेलेल्या जमिनीवर तोच कुणबी मग सावकाराचं कूळ म्हणून राबत असे.

अमेरिकेच्या दक्षिणेत याच वर्षांत काय चाललं होतं ते इथे सांगायलाच हवं. १८६५ अखेर गुलामगिरी कायद्याने संपली. पण मुक्त झालेल्या काळ्या माणसांना जमीन मिळाली नाही. ते जुन्याच मळ्यांवर वाट्याने कापूस पिकवू लागले आणि बी-बियाणं, मीठ-पीठ गावच्या दुकानदाराकडून येणाऱ्या पिकाच्या तारणावर घेऊ लागले. वर्षअखेरीचा हिशेब दुकानदाराच्या वहीत, आणि तो बहुतेक वेळा बाकीचाच. तो कापूस पुन्हा बाजारात आला आणि त्याने आपल्याकडच्या कापसाला मागे सारलं. भाव पाडणारा तिकडचा शेतकरी आणि भाव पडल्याने बुडणारा इकडचा, दोघेही वहीत अडकलेले होते. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. फुल्यांच्या कुटुंबाची खानवडी सुप्यापासून फार लांब नाही. त्या युद्धाचा अर्थ महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्यांना उमगला त्यांत फुले होते, आणि कुणब्याच्या कर्जाबद्दलही पुढे सर्वांत कळवळून लिहिलं ते त्यांनीच.

त्याच सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतसाऱ्याच्या वाढीची चौकशी करून सरकारपुढे कैफियत मांडली. सभेमागे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांची शक्ती होती. ओरड वाढल्यावर सरकारने १८७४ मध्ये काही सूट दिली. थकबाकीसाठी जमिनीआधी जंगम मालमत्ता जप्त करावी असाही हुकूम निघाला. त्याने भलतंच झालं. जमीन लिलावात जाणार नसेल तर आपण कुळाचा सारा का भरावा, असा विचार करून सावकारांनी सारा भरायलाच नकार दिला. एकीकडे तलाठी, दुसरीकडे बेलीफ.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांचं घर विकत घेतलं आणि ते पाडायला सुरुवात केली. देशमुख गावात मान असलेले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी दाढी करेना, परीट कपडे धुवेना, पाणक्या पाणी भरेना. बहिष्काराची लाट गावोगाव पसरली. लोकांनी समापत्रं, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेले लेखी ठराव, लिहिली. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या समापत्राने ठरवलं की गुजर सावकाराची जमीन जो कसेल किंवा त्याची चाकरी करेल त्याला जातीच्या पंगतीला बसू द्यायचं नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही, आणि परत यायचं तर दंड भरून सगळ्या जमातीला एक जेवण द्यावं लागेल. वाचताना लक्षात येतं की हा कागद फार विचाराने लिहिलेला आहे. कोर्टाची भाषा हाती नसलेल्या लोकांनी आपली जुनीच हत्यारं, पंगत आणि सोयरीक, बाहेर काढली होती.

१२ मे १८७५, बुधवार. सुपे हे मोठ्या बाजाराचं गाव, सावकारांची पुष्कळ दुकानं. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी जमले आणि त्यांनी वह्या, रोखे, हुकूमनामे मागितले. कागद मिळाले ते पेटवले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आग लागली. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या केडगावात सावकाराच्या गंजी आणि घर जळत होतं. मग भीमथडीतली आणखी काही गावं, इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि तिकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत. सरकारचे पंचनामे एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात: रोखे मुकाट्याने दिले तिथे दंगा बहुधा झालाच नाही. कुणाचा जीव घेतला नाही. राग कागदावर होता.

गुजर आणि मारवाडी हे बाहेरून आलेले, म्हणून त्यांच्यावरच राग निघाला. त्याच गावातल्या ब्राह्मण सावकारांना पुष्कळ ठिकाणी लोकांनी हात लावला नाही. दुकानं फुटलेल्या त्या कुटुंबांचं भय आणि नुकसान खरं होतं, ते झाकता कामा नये. त्यांना लक्ष्य करणं सोपं होतं. सारा ठरवणारा अधिकारी पुण्यात होता, भाव ठरवणारा लिव्हरपुलात. एक वदंताही पसरली होती: कोणा इंग्रजाला एका मारवाड्याने लुबाडलं, त्याने विलायतेत राणीकडे तक्रार केली आणि राणीचा हुकूम सुटला की सावकारांनी सगळे रोखे परत द्यावेत. हसण्यासारखी ही गोष्ट नव्हे. आपलं दुःख कुठूनतरी दुरून आलंय आणि त्याचा निवाडाही दुरूनच होईल, ही समजूत तिच्यामागे होती.

फौज आली, गावांवर दंडाचे पोलीस बसले. एकूण ९५१ लोकांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. आयोगाने युद्धकाळातल्या उचलींचा, पडलेल्या भावांचा, रोख्यांच्या जाळ्याचा बारीक तपशील गोळा केला. आज आपल्याला जे कळतं ते बरंचसं त्यामुळेच. पण दोष मुख्यतः सावकारावर आणि कोर्टाच्या पद्धतीवर टाकला. साऱ्याची वाढ हे मोठं कारण आहे असं निक्षून सांगणारा एकच सदस्य होता, ऑकलंड कॉल्विन. तो उत्तरेकडच्या प्रांतातून आलेला, मुंबई सरकारच्या मुलाहिज्यात नसलेला. त्याचं म्हणणं वेगळ्या टिपणापुरतं राहिलं.

दंग्यानंतर दीड वर्षाच्या आत दुष्काळ आला, १८७६-७७ चा. भीमथडी आणि इंदापूरची माणसं खडी फोडायला आणि तळी खोदायला दुष्काळी कामांवर गेली. कुणाकडे किती बाकी होती हा प्रश्न त्या दोन वर्षांत मागे पडला.

१८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, हप्ते बांधून देता येऊ लागले, गावात रोखे नोंदणारे आणि तडजोड करणारे नेमले गेले. कायद्यातलं सर्वांत धीट कलम वेगळंच होतं. न्यायाधीशाने शेवटच्या रोख्यावरची रक्कम पाहून निकाल द्यायचा नाही; देणंघेणं पहिल्यांदा सुरू झालं तिथपासूनचा हिशेब उकलायचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं काढायचं. बारामती-इंदापूरच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या बाबतीत तो उलटा प्रवास एका रोख्यावरून दुसऱ्यावर करत १८६२-६३ च्या एखाद्या उचलीपाशी जाऊन थांबणार होता.